चंद्राची काळोखी बाजू : एका ध्वनिमुद्रिकेचे दीर्घायुष्य



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विलायती रॉक संगीताचा विषय यावा, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु जी कलाकृती पन्नासाहून अधिक वर्षे टिकते, ती कोणत्याही मुलुखातील असो, ती का टिकली हे तपासून पाहणे चोखंदळ श्रोत्यांना शोभण्यासारखेच आहे. पिंक फ्लॉइड ह्या इंग्रज वाद्यवृंदाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका मार्च १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर अवघा एक आठवडा होती. पण पहिल्या दोनशेंत मात्र १९८८ पर्यंत एकंदर ७४१ आठवडे राहिली. राज्य एका आठवड्याचे आणि वस्ती चौदा वर्षांची! जगभर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. केवळ नवलाईच्या जोरावर एवढे आयुष्य लाभत नाही.

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडातील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या सुट्या गाण्याची चौकट अपुरी वाटू लागली. संपूर्ण तबकडी एकाच विचाराने बांधावी, ही कल्पना त्यांनी उचलली. ह्या संगीताला पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव मिळाले. आमच्या विषयाची ध्वनिमुद्रिका सुमारे ४३ मिनिटांची आहे. हृदयाच्या ठोक्यांनी ती सुरू होते आणि ठोक्यांनीच संपते. मध्ये काळ, मृत्यू, पैसा, आपपरभाव आणि वेड असे विषय एकामागून एक येतात. ह्यांपैकी एकही विषय केवळ इंग्रजांचा नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल.

हे विषय पुस्तकातून काढलेले नव्हते. ह्या वाद्यवृंदाचा पहिला नायक सिड बॅरेट. तोच गाणी रचणारा, तोच गाणारा. पण त्याचे मन ढळत गेले, एलएसडीच्या सेवनाने त्यात भर पडली, आणि १९६८ मध्ये त्याला वाद्यवृंदापासून दूर व्हावे लागले. जे मागे राहिले त्यांनी एका हुशार मित्राचा दिवा आपल्या डोळ्यांदेखत मंदावताना पाहिला होता. शहाणपण आणि वेड ह्यांमधील भिंत किती पातळ असते, हे त्यांना निराळे शिकावे लागले नाही. रॉजर वॉटर्स ह्याने सगळे शब्द लिहिले. डेव्हिड गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन ह्यांच्यासह संगीत घडवले. ही रचना त्यांनी जानेवारी १९७२ पासून जाहीर कार्यक्रमांत वाजवली, श्रोत्यांपुढे घासून पाहिली, आणि मग लंडनच्या अॅबी रोडवरील स्टुडिओत ती मुद्रित केली.

त्या काळी आजच्यासारखी संगणकाची सोय नव्हती. पैशावरील गाण्याच्या आरंभी नाण्यांचा खळखळाट, कागद फाटण्याचा आवाज आणि दुकानातील गल्ल्याचा खटका ऐकू येतो. हे आवाज ध्वनिफितीवर घेऊन, फितीचे तुकडे मोजून कापून, त्यांचे कडे करून फिरवले आहे. त्या गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे. आपल्याकडील रूपकाची विभागणी निराळी असली, तरी सात मात्रांची ओळख असलेल्या श्रोत्याला येथे परके वाटणार नाही. काळावरील गाण्यापूर्वी जी घड्याळे एकदम वाजतात, ती ध्वनिमुद्रक अॅलन पार्सन्स ह्याने एकेक करून आधीच टिपून ठेवली होती.

पण आमच्या मते ह्या कृतीचे खरे मर्म ह्याहून साधे आहे. वॉटर्सने काही प्रश्न कार्डांवर लिहिले. मरणाची भीती वाटते काय? शेवटचा हात कधी उगारला, आणि तेव्हा न्याय आपल्या बाजूला होता काय? स्टुडिओत असलेल्या माणसांना त्याने हे विचारले. जगप्रसिद्ध पॉल मॅकार्टनीनेही उत्तरे दिली. ती वापरली गेली नाहीत. शेवटचा शब्द मिळाला तो स्टुडिओचा द्वारपाल जेरी ओड्रिस्कॉल ह्याला. कीर्तिमंत माणूस जपून बोलला, द्वारपाल मोकळेपणाने बोलला. आणि कलावंताने मोकळेपणाची निवड केली. ह्या ध्वनिमुद्रिकेत कोणी नायक नाही, म्हणूनच ऐकणाऱ्याला तिच्यात स्वतःसाठी जागा सापडते.

आक्षेपही ऐकले पाहिजेत. पैशाची निंदा करणाऱ्या ह्या कृतीने तिच्या कर्त्यांना धनवान केले. मृत्यूविषयीच्या रचनेत शब्दांवाचून आर्त स्वर लावणाऱ्या क्लेअर टॉरी ह्या गायिकेला त्या वेळी केवळ तीस पौंड मिळाले. सहरचनाकार म्हणून तिचे नाव लागण्यासाठी तिला २००४ मध्ये न्यायालयात जावे लागले. २००५ मध्ये तडजोड झाली. आपपरभावावर गाणारे हे मित्रही आपसांत दुरावले, आणि १९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे पुन्हा एकदा एकत्र वाजले. २००८ मध्ये राइट निवर्तला. कर्ते आपल्या कृतीइतके मोठे ठरले नाहीत, हे आम्ही कबूल करतो. परंतु त्यांच्या वागण्याला लावायचे माप त्यांच्याच कृतीने आपल्या हाती दिले आहे, हेही विसरता येत नाही.

हे शब्द लिहिताना वॉटर्सची तिशीही उलटली नव्हती. आयुष्य पुढे कधीतरी सुरू होणार आणि आपण अद्याप त्याची तयारी करीत आहो, हा समज खोटा आहे. ते केव्हाच सुरू झाले आहे, असे त्याला उमगले. आपण तरी काय करतो? परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे, मुलांचे मार्गी लागू दे, निवृत्त होऊ दे, मग जगू, असे म्हणत वर्षे दवडतो. हा हिशेब प्रत्येक पिढीला नव्याने मांडावा लागतो, म्हणून प्रत्येक पिढी ह्या तबकडीकडे वळते. आपणही एखाद्या संध्याकाळी ती मधेच न थांबवता, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी. ४३ मिनिटे लागतील. ती उद्यावर टाकू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.