यूएसबी पोर्टला वीज मिळेना?
पेन ड्राइव्ह चालतो, पण बाहेरची हार्ड डिस्क लावली की नुसती टकटक करते. डिस्कला दोष देण्याआधी ती कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावून पाहा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्यांना आतून वायर जाते, ती सैल झाली की वीज कमी पडते. शिवाय यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९००.

सगळेच पोर्ट बंद पडले? मग संगणक बंद करा, मेन वायर आणि सगळी उपकरणं काढा, आणि टॉर्च मारून प्रत्येक पोर्टमध्ये नीट बघा. वाकलेली पिन शेजारच्या पिनेला किंवा पत्र्याला टेकली की शॉर्ट होतो आणि मदरबोर्ड स्वतःला वाचवायला वीज तोडतो. असा पोर्ट दुरुस्त होईपर्यंत कृपया वापरू नका.