परतीचे दोर
(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे की तो उच्चारताना त्यामागचा कडा आणि ती रात्र क्वचितच डोळ्यांपुढे उभी राहते. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या नेतृत्वाखाली मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले. उदयभानाशी झुंजताना तानाजी पडले आणि सैन्याचा धीर खचला. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, माघारी वळलेल्या मावळ्यांपुढे सूर्याजी मालुसरे उभे राहिले आणि कड्यावरचे दोर कापून टाकल्याचे त्यांनी सांगितले. मग सैन्य पुन्हा उलटले आणि गड हाती आला.

ही कथा शाळाशाळांतून सांगितली जाते आणि तिचे तात्पर्य बहुधा एकाच वाक्यात उरकले जाते : ध्येय गाठायचे तर माघारीची वाट ठेवू नये. तात्पर्य खोटे नाही. परंतु कथेतील दोन तपशील त्यातून निसटतात. पहिला, दोर कापले गेले ते सारे जण वर पोहोचल्यानंतर. कड्याच्या निम्म्यावर कुणी दोर कापला असता तर त्याला शौर्य म्हटले गेले नसते. दुसरा, दोर कापणारा स्वतः गडावर होता. जे संकट त्याने इतरांवर ओढवले, त्यात तोही बरोबरीचा वाटेकरी होता. या दोन तपशिलांवाचून हा वाक्प्रचार केवळ घोषणा ठरतो.

या दोन्ही कसोट्यांवर पारखून पाहण्याजोगे एक चरित्र म्हणजे धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांचे. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाचे बृहन्महाराष्ट्राशीही नाते होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर त्यांचे शिक्षण बडोद्याच्या कलाभवनात झाले आणि गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. पुढे पुरातत्त्व खात्यातील सरकारी नोकरी लाभली. तीही त्यांनी सोडली. छपाईचा व्यवसाय नावारूपाला आणला, परंतु भागीदारांशी न पटल्याने तोही सुटला. चाळिशी उलटलेल्या, पदरी मुलेबाळे असलेल्या या गृहस्थाने १९११ साली मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला, आणि आपल्या देवदेवतांच्या कथा याच रीतीने पडद्यावर आणायच्या, हा ध्यास घेतला.

येथवरची हकीकत सर्वश्रुत आहे. त्यानंतरचे महिने मात्र थोड्यांच्याच लक्षात राहतात. फाळके यांनी ध्यास घेताच सर्वस्व पणाला लावले नाही. ते आधी शिकू लागले. मिळेल तो चित्रपट पाहावा, मिळेल ते पुस्तक वाचावे, लहानशा यंत्रावर प्रयोग करावेत, असा क्रम चालला. या अविश्रांत श्रमांनी त्यांची दृष्टी काही काळ गेल्यासारखी झाली आणि उपचारांनंतर ती पूर्ववत झाली. मग विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी कर्ज उभारले आणि १९१२ च्या आरंभी लंडन गाठले. तेथे चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली, कॅमेरा व इतर यंत्रसामग्री खरेदी केली आणि ते परतले.

परतल्यावरही थेट मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची एकेक चौकट टिपत त्यांनी एक छोटा चित्रपट तयार केला. बी रुजते, अंकुर फुटतो, वेल वर चढते, हे काही क्षणांत पडद्यावर पाहून भांडवल पुरवणाऱ्याचा विश्वास बसला. हा वाटाण्याचा वेल म्हणजे फाळके यांचा कडा चढण्याचा दोर होता. तो पक्का आहे याची खातरजमा झाली, आणि त्यानंतरच घरातील उरलेसुरले पणाला लागले. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आता दुसरी कसोटी. दोर कापणारे हात कुणाचे होते? एकट्या दादासाहेबांचे खचित नव्हते. सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि त्यावर त्या थांबल्या नाहीत. चित्रफितीला छिद्रे पाडणे, ती धुणे, चित्रीकरणात उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे आणि एवढ्या मोठ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळणे, ही सारी कामे त्यांनी केली. त्या स्वतः गडावर होत्या. ज्या घराचा आधार पणाला लागला, त्या घराची संमती आणि श्रम त्यात होते, म्हणून त्या धाडसाला नैतिक अधिष्ठान लाभले.

माघारीचा मार्ग मिटल्याने नेमके काय साधते, हेही समजून घेतले पाहिजे. त्याने अंगी नवे सामर्थ्य येत नाही. असलेले सामर्थ्य विखुरण्याचे थांबते. दोन होड्यांवर पाय ठेवणाऱ्याचे बळ प्रवासात लागत नाही, तोल सांभाळण्यातच खर्च होते. प्रत्येक अडचणीपाशी ‘हे सोडून ते करावे काय?’ हा प्रश्न नव्याने उठतो आणि मन नव्याने थकते. वाट एकच उरली की तो प्रश्न मिटतो; उरतो तो ‘हे कसे करावे?’ एवढाच. फाळके यांना तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. माघारीची सोय असती तर तेवढ्यावर बेत मोडता आला असता. त्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला ती भूमिका दिली आणि काम पुढे नेले.

परंतु या मार्गाची किंमतही प्रांजळपणे सांगावी लागते. कीर्ती लाभूनही फाळके यांना आर्थिक स्थैर्य लाभले नाही. भागीदारांशी मतभेद होऊन ते काही काळ चित्रपटसृष्टी सोडून काशीला जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते परतले. बोलपटांच्या युगात त्यांचे तंत्र मागे पडले आणि १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा घरात समृद्धी नव्हती. दोर कापणाऱ्या प्रत्येकाला गड मिळतोच असे नाही. मिळालेला गड आयुष्यभर पोसतोच असेही नाही. जे कोसळले त्यांची चरित्रे लिहिली जात नाहीत, म्हणून ते नव्हतेच असे मानू नये.

हे सारे आजच्या पालकांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचे आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे खेळ, गाणे, वाचन, मित्र हे सारे एका प्रवेशपरीक्षेसाठी बंद केले जाते आणि त्याला ध्येयनिष्ठा म्हटले जाते. तेथे दोर कापतो कोण? बहुधा पायथ्याशी उभा असलेला पालक. आणि कड्यावर असते ते मूल, तेही निम्म्या वाटेवर. हा सूर्याजींचा मार्ग नव्हे. मुलाने आपण होऊन ध्येय निवडले, त्याचा वाटाण्याचा वेल उगवलेला दिसला, म्हणजे अल्पसे का होईना पण प्रत्यक्ष काम त्याच्या हातून घडले, तर एके दिवशी ते स्वतःच म्हणते, ‘आता दुसरे काही नको.’ त्या दिवशी पालकांनी ‘पण नोकरीचे काय?’ असे विचारून कापलेला दोर पुन्हा खाली सोडू नये. तोवर मात्र दोर घट्ट धरून ठेवणे, हेच पालकांचे कर्तव्य.

माजी विद्यार्थ्यांपुढील प्रश्न निराळा आहे. त्यांच्यापैकी अनेक जण केव्हाच गडावर पोहोचले आहेत. शिक्षण झाले, कौशल्य आले, अनुभव गाठीशी बसला. तरी ‘निवृत्तीनंतर पाहू’ म्हणत मनातले काम लांबणीवर पडते. कड्याच्या माथ्यावर उभे राहून दोर हाती धरून ठेवण्यात सावधपणा नाही, केवळ सवय आहे. अशांनी घरच्यांना विश्वासात घ्यावे, घराला किती झळ सोसवेल याचा हिशेब कागदावर मांडावा आणि मग निर्णय करावा.

महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे उभी राहते, तीही अशाच निर्णयांच्या बळावर. आजूबाजूला दुसऱ्या भाषेचा व्यवहार आणि हाताशी दुसऱ्या माध्यमांच्या शाळा असताना ज्या पालकांनी आपले मूल येथे घातले आणि ज्या शिक्षकांनी आपली उमेदीची वर्षे येथे वेचली, त्यांनी कोणतीही गर्जना केली नाही. दररोज सकाळी मुलाला वेळेवर शाळेत पोहोचवणे आणि वर्ग भरताच फळ्यापाशी उभे राहणे, एवढेच त्यांनी केले. निश्चय बहुधा असाच दिसतो.