निखळणारा खांदा

गावात हुतुतूचा सामना रंगलेला असतो. चढाईला गेलेल्या गड्याचा हात कुणीतरी मागे ओढतो आणि गडी ओरडत खाली बसतो. खांद्याची गोलाई गेलेली असते, हात हलवता येत नाही. मग गर्दीतून कुणी पुढे येतो, "सरका रे, एका झटक्यात बसवतो!" मंडळी, नेमके इथेच थांबायचे.

खांदाच इतका का निखळतो? खुब्याचा सांधा उखळात मुसळ बसावे तसा खोल असतो. खांद्याची खोबण मात्र बशीसारखी उथळ. म्हणून तर आपला हात चहूकडे फिरतो. आणि म्हणूनच तो निसटतोही. घागर कलंडू नये म्हणून आपण खाली चुंबळ ठेवतो ना? तशी एक चिवट कड त्या बशीच्या काठाला निसर्गाने लावलेली आहे. खांदा पुढे निखळतो तेव्हा बहुधा ही चुंबळ पुढून फाटते. ऐन तरुणपणी फाटली, तर ती पुष्कळदा जागच्या जागी जुळत नाही. मग सदरा घालताना, झोपेत कूस बदलतानासुद्धा खांदा निसटू लागतो.

लोक म्हणतात, पोरगा कमजोर झाला. तसे नसते. लंडनचे शल्यवैद्य बँकार्ट यांनी १९२३ साली दाखवून दिले, की मूळ दोष या फाटलेल्या कडेत आहे आणि ती हाडाला पुन्हा शिवली पाहिजे. आज हे काम दुर्बिणीने, बारीक छिद्रांतून होते. हाडात लहान खुंट्या रोवून दोऱ्याने कड बांधतात. पुन्हा पुन्हा निखळून हाडाचा काठच झिजला असेल, तर नुसत्या शिवण्याने भागत नाही. फ्रान्समधल्या लातार्जे यांनी १९५४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत फऱ्याच्या हाडाचा आकड्यासारखा तुकडा स्नायूंसकट काढून त्या काठावर स्क्रूने बसवतात. पुढे काही आठवडे हात झोळीत, मग नेमाने व्यायाम. मैदानावर परतायला काही महिने लागतात. तिथे घाई नको.

आता गुरुजनांसाठी दोन गोष्टी. वर्गातला एखादा मुलगा गंमत म्हणून खांदा निखळवून दाखवतो. त्याला टाळ्या देऊ नका. अशा मुलांचे सांधे बहुधा जन्मतःच सैल असतात. त्यांना आधी शस्त्रक्रिया नव्हे, व्यायाम हवा असतो. दुसरी गोष्ट फेफऱ्याची. झटका येऊन गेल्यावर, किंवा विजेचा धक्का बसल्यावर, हात आत वळलेला राहिला आणि बाहेर फिरेना, तर खांदा मागे निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या क्ष-किरण चित्रात तो कधी कधी चुकतो. दुसऱ्या बाजूनेही चित्र काढायला डॉक्टरांना जरूर सांगा.

आणि तो मैदानावरचा गडी? त्याचा हात ओढू नका. काखेतून हाताच्या मोठ्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. शिवाय हाडही मोडलेले असू शकते. आहे त्या स्थितीत हात उपरण्याच्या झोळीत घ्या आणि दवाखाना गाठा. खांदा बसवल्यावर दुखणे थांबले, तरी दुसऱ्यांदा निखळला की अस्थितज्ज्ञाकडे जाच. ज्या खांद्यावर घरचा नांगर चालतो, तो असा वाऱ्यावर सोडायचा नसतो.