वर अर्ज, शेजारी डीव्हीडी

(अमेरिकेतल्या मराठी मंडळात झालेलं व्याख्यान. मधले प्रश्न आले तसेच ठेवले आहेत.)

मंडळी, अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, "विज्ञानकथांवर बोला, पण जमलं तर आमच्या कपाटाचंही काही बघा." कपाट म्हणजे मागच्या खोलीतलं, मराठी नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींचं. त्याची किल्ली कोणाकडे असते याबद्दल मघाशी चहाच्या वेळी बरीच मतं ऐकली. तुमच्यातल्या अनेकांशी माझी ओळख आज झाली, पण असलं कपाट मला अनोळखी नाही. तेव्हा एकाच मालिकेवर दोन्ही कामं उरकतो.

मालिका 'फायरफ्लाय'. जॉस वीडनची. अंतराळात जुनाट मालवाहू यान, हरलेल्या बाजूने लढलेला कप्तान, पोटासाठी बारीकसारीक तस्करी. कथा सांगत बसत नाही, मागच्या रांगेतली मुलं मला दुरुस्त करतील. मला बोलायचंय ते तिच्या डीव्हीडीबद्दल.

फॉक्स वाहिनीने २० सप्टेंबर २००२ला, शुक्रवारी रात्री, मालिका सुरू केली ती दुसऱ्याच भागापासून. सगळ्या पात्रांची ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग दाखवला २० डिसेंबरला, म्हणजे मालिका गुंडाळताना. पडदा पडल्यावर नांदी! चौदा भाग तयार होते, त्यातले अकराच दाखवले. प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणून बंद केली म्हणे. मिळणार कसे? कोण कोणाचा कोण हेच कळू दिलं नव्हतं.

चाहत्यांनी आधी जे केलं ते आपणही केलं असतं. वर्गणी काढून 'व्हरायटी' या मनोरंजन-व्यवसायाच्या नियतकालिकात जाहिरात दिली. यूपीएन या दुसऱ्या वाहिनीला पोस्टकार्डं पाठवली, मालिका तुम्ही घ्या म्हणून. उपयोग शून्य.

मग ९ डिसेंबर २००३ला डीव्हीडीचा संच आला. चार तबकड्या, चौदाही भाग, ते न दाखवलेले तीन धरून, आणि मुख्य म्हणजे योग्य क्रमाने. इथून पुढे चाहत्यांनी कोणाला पत्र पाठवण्यापेक्षा संच वाटण्यावर भर दिला. एक संच स्वतःला आणि एक 'फिरता'. शेजाऱ्याला, ऑफिसातल्या सोबत्याला, सासऱ्याला. सोबत ताकीद: पहिल्या तबकडीपासूनच बघायचं, आणि बघून झालं की परत. अमेरिकन नौदलाच्या अडीचशे जहाजांवरही संच पोचले. जून २००७मध्ये स्टीव्हन स्वॉन्सन हा अंतराळवीर 'अटलांटिस'मधून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर गेला, तो या तबकड्या बरोबर घेऊन. चित्रपट येईपर्यंत सुमारे पाच लाख संच खपल्याचं सांगितलं जात होतं. हो, चित्रपट! बंद पडलेल्या मालिकेवर दुसऱ्याच कंपनीने, युनिव्हर्सलने, 'सेरेनिटी' काढला, सप्टेंबर २००५मध्ये. तो फार चालला नाही, ते सोडा.

आता माझी एक चिडचिड. हे सांगितलं की कोणीतरी म्हणतंच, "म्हणजे 'स्टार ट्रेक'सारखं." (हशा.) आज अजून कोणी म्हणालं नाही, पण ओठांवर आलेलं दिसतंय. नाही हो, तसं अजिबात नाही! १९६७-६८मध्ये 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांनी एनबीसीला पत्रांनी बुडवलं. तो अर्ज होता. वाहिनीने ऐकलं, तिसरं वर्ष दिलं आणि शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. घरात कोण असतं त्या वेळी? वर्षभरात मालिका बंद. वरच्याकडे मागितलं की देणारा वरचाच, आणि कुठली वेळ द्यायची तेही त्याच्याच हातात. डीव्हीडीवाल्यांनी वर बघणं जवळजवळ सोडलं आणि बाजूला बघितलं. या दोन गोष्टी एकाच खात्यात टाकतात, त्याचा मला राग येतो.

आपण मराठी माणसं निवेदनं देण्यात पटाईत. त्याला मी नावं ठेवत नाही. मराठीच्या अभिजात दर्जासाठी साताऱ्याहून पंतप्रधानांना पत्रांची मोहीम झाली आणि ऑक्टोबर २०२४मध्ये दर्जा मिळालाही. पण दर्जा मिळाला म्हणून तुमच्या कपाटातली एक तरी तबकडी जास्त बाहेर गेली का?

(प्रश्न: पण हा कंपनीचा फुकट प्रचारच झाला ना?)

झाला, आणि पुढची गंमत ऐका. चित्रपटाच्या वेळी युनिव्हर्सलनेच चाहत्यांना प्रचाराला जुंपलं होतं. पुढे २००६मध्ये त्याच कंपनीच्या वकिलांनी, मालिकेवरून चित्रं काढून विकणाऱ्या एका चाहतीकडे हक्कांपोटी हजारो डॉलर मागितले. त्यावर चाहत्यांनी काय केलं? मोर्चा नाही, बहिष्कार नाही. बिल केलं! कोणी किती तास पत्रकं वाटली, किती वेळ तिकिटं खपवली, सगळ्यांनी आपापले तास कळवले. अठ्ठावीस हजारांच्या वर तास भरले. वीस लाख डॉलरच्या वरचं बिल युनिव्हर्सलच्या नावाने तयार. पैसे मिळणार नाहीत हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मंडळाच्या खजिनदारांना मी म्हणेन, हा हिशोब एकदा बघाच. आपले स्वयंसेवक खुर्च्या मांडतात, पुरणपोळ्या लाटतात, त्यांचे तास कधी कोणी लिहिलेत?

(प्रश्न, मागच्या रांगेतून: मालिकेत सगळे चिनी शिव्या का देतात?)

शाब्बास. तिथे पुढच्या काळात अमेरिका आणि चीन या दोन सत्तांची संस्कृती एकत्र झालीय, म्हणून. शिवाय वाहिनीच्या कात्रीतून शिव्या सुटतात. मुख्य नऊ पात्रांत चिनी चेहरा मात्र एकही नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. शिव्या शिकू नकोस.

(प्रश्न: इथली डीव्हीडी पुण्यात चालते का?)

साध्या प्लेअरवर नाही. अमेरिका विभाग एक, भारत विभाग पाच. सगळे विभाग चालणारा प्लेअर लागतो. उलटही तेच. भारतातून आणलेल्या तबकड्या आधी इथल्या प्लेअरवर लावून बघा, मग द्या. पहिल्यांदा घेऊन गेलेल्याला काळा पडदा दिसला तर तो परत मागायला यायचा नाही.

(प्रश्न: आता तबकड्या बघतं कोण? आम्ही ग्रुपवर लिंक टाकतो.)

तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक नेमकी कोणाला असते? प्रत्येकाला वाटतं, शेजारच्याला. वस्तू हातात दिली की परत करावी लागते, आणि परत करताना दाराशी उभं राहून "कसं वाटलं?" याचं उत्तर द्यावं लागतं. त्या धाकाने माणूस बघतो. लिंकच पाठवायची असेल तर एकालाच पाठवा आणि पुढच्या शनिवारी त्याला जेवायला बोलवा.

(प्रश्न: मग कपाटातलं पहिलं काय द्यायचं?)

कोणाला, ते आधी सांगा.

(इथेच वाढलेल्या सुनेला. मराठी समजतं, बोलत नाही.)

मग संगीत नाटक नको, पाच तासांचं तर नकोच. 'वाऱ्यावरची वरात' आहे ना कपाटात? ती द्या. पण सगळी बघ म्हणू नका. तुम्ही आधी लावून बघा, तुम्हाला खरंच हसू येतं ती जागा कुठे सुरू होते ते मिनिट चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. तिथून तिने दहा मिनिटं बघितली तरी चालेल. आवडली तर मागचं ती स्वतःच बघेल. आणि ती बघत असताना शेजारी बसून प्रत्येक विनोद समजावू नका.

अध्यक्षबाई, किल्ली सापडली का?