हळदीच्या पेठेत सोन्याचे कण



हिंगोलीत आपले स्वागत. मी हळदीचा आडत्या. सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवरील आवरणांच्या परिषदेला स्वागताध्यक्ष म्हणून मीच का, तर वर्गणी मी गोळा केली.

तेव्हा गावाबद्दल बोलू द्या. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा वयाने लहान, पण गाव जुने. निजामाच्या काळात इथे फौजेची छावणी होती. नरसी हे नामदेव महाराजांचे जन्मगाव. पंजाबात घुमानपर्यंत लोक त्यांना ओळखतात. पण त्यांचे गुरू विसोबा खेचर? त्यांचे नाव निघते ते ज्ञानेश्वरांना छळणारे म्हणून, आणि हा आमच्या मते अन्याय आहे. औंढ्याच्या देवळात विसोबा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा म्हणाले, देव नसेल तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड! ही आख्यायिका आहे खरी, पण गुरू असा हवा. आज संध्याकाळी औंढ्याला गाडी जाणार आहे, जरूर या. तिथून जवळच दुधाळ्याला लायगोची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. तिच्या आरशांवरच्या थरांचीही शास्त्रज्ञांना मोठी चिंता असते म्हणे.

आता माझा धंदा. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शिजवून वाळवलेले हळकुंड खरबरीत असते. ढोलात फिरवून पॉलिश केले की बिटात भाव चढतो. माल तोच, फरक वरवरचा. आपल्या सोन्याचे त्याहून नवल! सायट्रेटचे आवरण असलेले कण पाण्यात लाल दिसतात. मीठ टाकले की त्यांना दूर ठेवणारे विद्युतभाराचे बळ ओसरते, कण गोळा होतात, पाणी निळे पडते. त्यांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल घट्ट बसवले, तर मिठाचे फारसे चालत नाही. प्रतिपिंडे बसवली की तेच कण गर्भचाचणीच्या पट्टीवर लाल रेघ उमटवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण घडवले, ते २००४ साली प्रसिद्ध झाले. हळदीतल्या कुर्कुमिनने तर सोन्याचे कण तयारही होतात आणि वर आवरण म्हणून तेच बसते. हे कळल्यावर वर्गणी मागायला मला तोंड मिळाले.

व्यवस्थेत उणे आहे. सगळ्यांना पुरतील इतक्या चांगल्या खोल्या गावात नाहीत, म्हणून काहींची सोय वसतिगृहात केली आहे. पंखे आवाज करतात. वीज गेली तर जनरेटर आहे, तोही मागून आणलेला. ठेचा तिखट आहे. आमच्या अंदाजाने कमीच केला होता. सांभाळून घ्या.

माझे सहव्यापारी, तेलाच्या घाण्याचे मालक, मंडपवाले, मोफत दूध देणारी डेअरी, रात्रभर खुर्च्या वाहणारे हमाल-मापाडी बांधव आणि कॉलेजची मुले, सर्वांचे आभार. ज्यांनी आकडा सांगितला पण अजून दिला नाही, त्यांचे आगाऊ आभार. पावतीपुस्तक दाराशीच आहे. आता उद्घाटकांनी समई लावावी, अशी विनंती करतो.