विंडोज अपडेट अडते तेव्हा

संगणकाची सर्व कामे जिच्या आधारे चालतात, ती कार्यप्रणाली होय. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची अशीच कार्यप्रणाली असून तिच्यातील सुरक्षेच्या त्रुटी दूर करणाऱ्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत होतात, आणि त्या आपोआप उतरवून बसवण्याचे काम ‘विंडोज अपडेट’ ही सेवा, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम, करते.

ही सेवा अडल्यास प्रथम इंटरनेटची जोडणी, डिस्कवरील मोकळी जागा आणि संगणकावरील तारीख-वेळ तपासावी, कारण तारीख चुकीची असल्यास अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र अग्राह्य ठरते आणि जोडणीच नाकारली जाते. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून सेटिंग्जमधील ‘ट्रबलशूटर’, म्हणजे दोष शोधणारे अंगभूत साधन, चालवावे. तरीही अडचण राहिल्यास उतरवलेल्या फायली दूषित झाल्याची शक्यता असते. त्या ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन’ या फोल्डरमध्ये साठतात, म्हणून अपडेट सेवा आणि फायली उतरवणारी ‘बिट्स’ ही सेवा थांबवून त्या फोल्डरचे नाव बदलावे व दोन्ही सेवा पुन्हा सुरू कराव्यात, म्हणजे नवे फोल्डर आपोआप तयार होते. कार्यप्रणालीच्याच फायली बिघडल्या असतील, तर प्रशासकाच्या अधिकाराने ‘कमांड प्रॉम्प्ट’, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून आधी ‘डिझम’ आणि मग ‘एसएफसी’ ही दुरुस्तीची साधने चालवावीत.

अपडेट रखडल्यास काय घडू शकते, हे एका घटनेवरून दिसते. मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झालेली विंडोजची दुरुस्ती ज्यांवर बसवलेली नव्हती, असे संगणक त्याच वर्षी मे महिन्यात जगभर मोठ्या संख्येने ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या विषाणूला बळी पडले. म्हणून अडलेल्या अपडेटकडे दुर्लक्ष न करता वापरकर्त्यांनी ते तातडीने मार्गी लावावे.