विजेवरची दुचाकी : आधी प्लग, मग गाडी



पुणं हे दुचाकींचं शहर. 1972 पासून आकुर्डीत तयार होणारी ‘चेतक’ स्कूटर मध्यंतरी बंद पडली होती. 2020 च्या जानेवारीत तीच विजेवर धावत परत आली. आता तर सिग्नलला हिरव्या नंबरप्लेटची गाडी दिसली नाही असं होत नाही.

खिशाचा हिशेब सोपा आहे. साधारण तीन युनिटची बॅटरी शहरात ऐंशी-नव्वद किलोमीटर नेते. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरा, खर्च तीस-पस्तीस रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची स्कूटर दोन लिटर पिते, आणि लिटर शंभरीच्या पुढे गेलंय! धुराचं म्हणाल, तर तुमच्या-माझ्या नाकाशी तो नाही हे खरं. पण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. तिचा धूर वीजकेंद्राशेजारच्या चंद्रपूरकरांना विचारा.

खरी अडचण आहे ती प्लगची. बंगलेवाल्यांना ती कळणारच नाही. पेठेतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यानं काय करायचं? खिडकीतून वायर सोडायची? ती पावसात भिजणार, वर शेजारी ओरडणार. बॅटरी काढून वर न्यावी, तर ती दहा किलोच्या घरात, आणि पुष्कळ गाड्यांची निघतही नाही. सोसायटीच्या सभेत विषय काढला की मीटर कुणाचा, वायरिंगचा खर्च कुणाचा, यावर चहा गार होतो. त्यात 2022 मध्ये पुण्यासह देशात ठिकठिकाणी ई-स्कूटरी पेटल्या, त्याची धास्ती. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. तरी लोंबकळती वायर आणि जिन्याखालचं चार्जिंग नकोच.

आणखी एक. ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या, अडीचशे वॉटच्या आतल्या गाडीला ना लायसन्स लागतं ना नोंदणी. ही सवलत मला पटत नाही. आवाज नसलेली गाडी उलट्या दिशेनं अंगावर आली, तर रस्ता ओलांडणाऱ्या आजींना ती कळणार कशी?

आणि गर्दी? लक्ष्मी रस्त्यावर विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीएवढीच जागा अडवते. तो प्रश्न बसनंच सुटायचा.

तेव्हा शोरूममध्ये जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. पार्किंगमध्ये आपल्या मीटरवरून अर्थिंगसह पॉइंट मिळत असेल, तर गाडी खुशाल घ्या. नसेल, तर आधी तो मंजूर करून घ्या.